रंगीत गिलावा दर पावसाळ्यात काळा पडतो आणि धुतला की आणखी लवकर पडतो

तक्रार अशी आहे. घराच्या बाहेरच्या भिंतींना रंगीत गिलावा केलेला आहे. दसऱ्याच्या सुमारास बघावं तर भिंती काळ्या-हिरव्या. दिवाळीआधी घासून धुतल्या की उन्हाळ्यापर्यंत बऱ्या दिसतात, आणि पुढच्या पावसात गेल्या वर्षीपेक्षा लवकर काळ्या पडतात. पहिल्या वर्षी काळं दिसायला ऑगस्ट उजाडला होता. चौथ्या वर्षी जून संपायच्या आत छज्जाखाली ओघळ हजर.

घर सावंतवाडी तालुक्यात, जांभ्याच्या चिऱ्यांचं. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. पुढच्या आणि बाजूच्या भिंतींना विटकरी रंगाचा गिलावा, मागे साधं प्लास्टर. काम करून देणाऱ्याने सांगितलं होतं, "आता जन्मात रंग लावायला नको." ते अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात माझी चार वर्षं गेली.

रंगीत गिलावा आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं. आमच्या भिंतीवर खाली सिमेंट-वाळूचा साधा थर आहे, साधारण १२ ते १५ मिलिमीटरचा. त्यावर पाच-सहा मिलिमीटरचा वरचा थर, पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी, बारीक वाळू आणि लाल ऑक्साइड कालवून मारलेला. रंग त्या थराच्या आरपार आहे, त्यामुळे ओरखडा पडला तरी खालून पांढरं दिसत नाही. ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. लाल, पिवळा आणि काळा हे तिन्ही उन्हाने उडत नाहीत, सिमेंटच्या क्षारालाही दाद देत नाहीत. (निळ्या-हिरव्या छटांचं तसं नसतं. त्यातल्या बऱ्याच बाहेरच्या उन्हात फिक्या होतात. कोणी आकाशी गिलाव्याचा आग्रह धरला तर मी दोनदा विचार करायला सांगेन.) म्हणजे रंग टिकतो. पण ऑइलपेंटसारखा वर पापुद्रा नाही, भिंतीची भोकं उघडी असतात, आणि त्या भोकांत पाणी बसलं की पाण्याबरोबर बाकीची वस्ती येते.

चार वर्षांत केलेले उद्योग

पहिल्या वर्षी तारेचा ब्रश. काळं गेलं, सोबत वरची गुळगुळीत साय गेली. तारेचे तुटलेले बारीक तुकडे गिलाव्यात रुतून बसले ते वेगळंच, पुढच्या पावसात त्यांचे तपकिरी ठिपके उमटले.

दुसऱ्या वर्षी गाड्या धुवायचं प्रेशर मशीन भाड्याने आणलं. ते चालवताना फार समाधान वाटतं, कारण काळ्या भिंतीवर लाल पट्टा उमटत जातो आणि आपण काहीतरी जोरदार करतोय असं वाटतं. नळी मी भिंतीपासून वीतभर अंतरावर धरली होती. संध्याकाळी भिंत वाळल्यावर बोट फिरवलं तर बोटाला वाळू लागली. सिमेंट धुपून गेलं होतं, वाळूचे कण उघडे पडले होते. खरखरीत भिंतीवर धूळ जास्त अडकते, पाणी जास्त वेळ राहतं आणि शेवाळाला पाय रोवायला जागा मिळते. पुढच्या वर्षी ते महिनाभर आधी आलं ते याच्यामुळे, हे मला फार उशिरा समजलं.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते. शेजारच्या वाडीत सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रणाची फवारणी चालली होती. मोरचूद आणि चुना, एक टक्क्याचं. पंपात उरलेलं भिंतीवर मारून घेतलं. बुरशी मरते ना, मग भिंतीवरची का नाही मरणार? मेली असेलही. पण विटकरी भिंतीवर फिकट निळसर चट्टे पडले. त्यातला एक नळाच्या मागे अजून आहे.

चौथ्या वर्षी फरशीवाल्याने टाइल्स पुसायला आणलेलं ॲसिड उरलं होतं. सुदैवाने एका कोपऱ्यातच लावून पाहिलं. फेस आला, भिंत क्षणात स्वच्छ दिसली, आणि वाळल्यावर तो कोपरा पिवळट, फिका, बोटाने खरवडला तर पीठ पडेल असा झाला. फेस येत होता तो घाणीचा नव्हता, सिमेंटचा होता. हायड्रोक्लोरिक ॲसिड सिमेंट खातं, लोखंडाच्या ऑक्साइडलाही सोडत नाही. रंगीत गिलाव्यावर ॲसिड कधीच नको, कितीही पातळ केलं असं कोणी सांगितलं तरी नको.

मग कोपरा दुरुस्त करायला गावातल्या वयस्क गवंड्याला बोलावलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, छज्जाकडे पाहिलं, आणि माझ्या हातातल्या ब्रशकडे बघून म्हणाले, "धुवन काय्येक उपेग नाय. पाणी खयसून येता ता पयला बगा. पावस पडता तेवां छत्री घेवन भायर उबे रवा."

छत्री घेऊन बाहेर उभं राहणे

ही या सगळ्यातली सर्वांत उपयोगी तपासणी. खर्च शून्य. जुलैत, पाऊस धरून पडत असताना, घराभोवती वीस मिनिटं फिरायचं आणि प्रत्येक काळ्या डागाच्या वर काय चाललंय ते बघायचं.

पुढच्या छज्जाखाली मी उभा राहिलो. छज्जाच्या कडेवरून पाणी सरळ खाली सुटायला हवं. तसं होत नव्हतं. थेंब कडेला लोंबायचा, जरा थांबायचा, आणि मग छज्जाच्या पोटाला चिकटून उलट दिशेने, भिंतीकडे सरकत जायचा. एकामागून एक. भिंतीला टेकले की तिथून खाली. जिथे टेकत होते तिथेच बोटभर रुंदीचा काळा ओघळ. छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत, पाणी तुटण्यासाठी एक खाच असायला हवी असते. आमच्याकडे ती गिलावा करताना बुजवून टाकली होती. दिसायला सफाईदार काम.

खिडक्यांखाली तसंच. खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना काळ्या मिशा. पट्टी भिंतीच्या बाहेर आलेली नाही, टोकाला पाणी अडवणारं काही नाही, त्यामुळे काचेवरून उतरलेलं सगळं पाणी दोन कोपऱ्यांत गोळा होऊन खाली ओघळतं. गच्चीच्या कठड्याचा वरचा माथा सपाट, किंबहुना किंचित बाहेर कललेला, म्हणजे माथ्यावर साचलेली धूळ, पालापाचोळा, कावळ्यांची कृपा, सगळं दर्शनी भिंतीवरून खाली. टाकीच्या ओव्हरफ्लोची नळी भिंतीला चिकटून. एसीची नळी तर भिंतीवरच सोडलेली, म्हणजे पाऊस संपल्यावरही एप्रिल-मेमध्ये त्या जागेला पाणी चालूच.

आणि एक भिंत अशी होती की तिच्यावर कुठूनही पाणी ओघळत नव्हतं, तरी ती हिरवी होती. उत्तरेची. सप्टेंबरच्या विषुवदिनापासून मार्चच्या विषुवदिनापर्यंत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे पाऊस संपला तरी सहा महिने त्या भिंतीला सरळ ऊन लागत नाही. त्यात आम्ही तिच्यालगत केळी आणि अळू लावलेलं. नैऋत्येच्या वाऱ्याची झड खाणारी पश्चिमेची भिंत भिजते जास्त, पण वाळतेही लवकर. भिजणं आणि वाळणं यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

पूर्वी पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात माडाच्या झावळ्यांची झापं बांधायचे. घर काही महिने गबाळं दिसायचं, पण भिंत कोरडी राहायची. आता झापं विणणारं घरात कोणी नाही, आणि बांधली तर लोक विचारतील, दुकान काढलंत काय.

डाग कसला आहे ते ओळखा

पाण्याचा रस्ता कळला की मग डाग. सगळे डाग एकाच औषधाने जात नाहीत, काहींना औषधाने नुकसानच होतं.

काळा किंवा हिरवट-काळा डाग बहुधा जिवंत असतो: शेवाळ, नील-हरित जीवाणू, बुरशी, आणि बहुतेक वेळा तिघांचं एकत्र कुटुंब. उन्हाळ्यात वाळून काळी पापडी होते, मेल्यासारखी दिसते आणि पहिल्या वळवाला पुन्हा जागी होते. ओळखायची सोपी खूण म्हणजे डागावर ब्लीचचे चार थेंब टाकायचे. पाच-दहा मिनिटांत फिका पडला तर जिवंत. ढिम्म राहिला तर काजळी किंवा धूळ. आमच्याकडे न्हाणीघराच्या चुलीच्या धुराड्याजवळचा डाग असा निघाला. तीन वर्षं मी त्याला शेवाळ समजून घासत होतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने दोन खेपांत उतरला.

नारिंगी-तांबूस, मखमलीसारखी खरपुडी दिसली तर लगेच गंज म्हणू नका. आपल्याकडे चिऱ्यांच्या गडग्यावर, नारळाच्या खोडावर हा रंग सर्रास दिसतो. ते ट्रेन्टेपोहलिया नावाचं शेवाळ. जातीने हिरवं शेवाळच, पण अंगात गाजरासारखं नारिंगी द्रव्य भरून असतं. ब्लीचने तेही फिकं होतं. गंज होत नाही. गंजाचा ओघळ तपकिरी असतो आणि त्याच्या वरच्या टोकाला बहुतेक वेळा खिळा, ग्रिलची टोकं किंवा छज्जातली सळई सापडते. सळई असेल तर हा विषय साफसफाईचा उरत नाही. तिथला कच्चा भाग फोडून, गंज काढून दुरुस्ती करावी लागते.

जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत लालसर पट्टा असेल तर ते मातीचे शिंतोडे. पागोळ्या जिथे पडतात तिथून आपली लाल माती उडते आणि भिंतीच्या भोकांत शिरते. ओली असताना घासली तर आत ढकलली जाते. पूर्ण वाळू द्या, नरम ब्रशने झाडा, मग साबणाचं पाणी. थोडी छटा राहतेच. जुन्या घरांना खाली हातभर काव लावलेला लाल पट्टा असायचा, तो शोभेचा म्हणून मी इतकी वर्षं बघत होतो.

पांढरं फुटलं असेल तर तो क्षार, आपल्याकडे ज्याला लोणा म्हणतात तो. यावर थोडं थांबायला हवं, कारण गडद गिलाव्यावर हाच सर्वांत जास्त दिसतो आणि यातच सर्वांत जास्त चुका होतात.

नव्या गिलाव्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत पांढरी झाक येते ती बहुधा चुन्याची. सिमेंटमधला मोकळा चुना पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा कार्बोनेट होतो. ती झाक पाण्याने जात नाही, पण काळाच्या ओघात कमी होते आणि नवी येणंही थांबतं. धीर धरणं हाच उपाय. दुसरा प्रकार म्हणजे बोटाला लागणारा, जिभेला खारट, पिठासारखा क्षार. हा विरघळणारा असतो. त्यावर पाणी मारलं की तो दिसेनासा होतो आणि आपण खूश होतो. वास्तविक तो विरघळून परत भिंतीत गेलेला असतो, भिंत वाळली की पुन्हा बाहेर. तो कोरड्या दिवसांत कोरड्या ब्रशने झाडायचा, झाडलेलं सुपात किंवा कागदावर गोळा करून भिंतीपासून लांब टाकायचं, आणि पुन्हा फुटला तर पुन्हा झाडायचा. प्रत्येक खेपेला भिंतीतला साठा थोडा कमी होतो.

खाडीची वाळू न धुता वापरलेली असेल तर आणखी एक गंमत होते. कुठेही गळती नाही, तरी पावसाळ्यात भिंतीवर ओलसर गडद चट्टे दिसतात आणि ऊन पडलं की नाहीसे होतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच भिंतीत. अशा चट्ट्यांसाठी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून बसलेले लोक मला माहीत आहेत. शंका असेल तर कोरड्या दिवशी चट्ट्यावर दोन फुटी प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय. कोरडं राहिलं तर संशय हवेवर आणि मिठावर.

आता धुणे

वेळ: पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून. भर दुपारी नको, औषध भिंतीवर वाळून जातं. सकाळी, सावली असलेल्या बाजूने सुरुवात करायची.

औषध म्हणून दोन गोष्टी चालतात. पहिली ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दुकानात पाच टक्क्यांच्या आसपासचं मिळतं. त्याच्या एका भागाला तीन-चार भाग पाणी. कॅनमधलं दहा-बारा टक्क्यांचं असेल तर त्या हिशेबाने आणखी पाणी. जुना कॅन वापरू नका, ठेवून ठेवून त्याचा दम जातो. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरही त्याच जातीची आहे आणि खेड्यात पटकन मिळते, पण तिच्यात चुना असतो. गढूळ पाणी तसंच मारलं तर विटकरी भिंतीवर पांढरा थर बसेल. पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवून, झाकून, निवळू द्यायची आणि वरचं निवळ पाणी तेवढं घ्यायचं.

आधी भिंतीलगतची झाडं साध्या पाण्याने भिजवून प्लास्टिकने झाका, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांनाही प्लास्टिक. मग भिंतही साध्या पाण्याने भिजवा, खालून वर. हा टप्पा लोक गाळतात. कोरडा गिलावा पहिलं जे मिळेल ते आत ओढून घेतो. त्याला पाणी पाजून ठेवलं तर औषध वरच्या वर काम करतं. त्यानंतर औषध पंपाने किंवा ब्रशने, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, नरम नायलॉनच्या ब्रशने हलक्या हाताने फिरवायचं, आणि भरपूर पाण्याने वरून खाली धुऊन काढायचं. धुणं अर्धवट राहिलं तर ब्लीच सुकून मागे मीठच ठेवतं, म्हणजे वर सांगितलेल्या लोण्याला आपणच खाद्य दिलं. सगळ्यात आधी मागच्या बाजूला हातभर जागेवर करून, वाळू देऊन, रंग बघा. लोखंडी ऑक्साइडला ब्लीच काही करत नाही, पण तुमच्या गिलाव्यात नक्की कुठला रंग घातलाय हे घालणाऱ्यालाच माहीत.

ब्लीच आणि ॲसिड एकत्र येता कामा नये. एकाच बादलीत नाही, एकाच भिंतीवर एकापाठोपाठ नाही, संडास धुवायच्या लिक्विडबरोबरही नाही. क्लोरीन वायू सुटतो, आणि शिडीवर असताना तो छातीत गेला तर उतरायलाही सुचत नाही. अमोनियाही लांब ठेवा. हातमोजे, चष्मा, जुने कपडे.

दुसरं औषध बेन्झाल्कोनियम क्लोराइड. रासायनिक मालाच्या दुकानात ५० किंवा ८० टक्क्यांचं मिळतं, भिंतीवर मारताना एक-दोन टक्के पुरे. हे धुवायचं नसतं. मारायचं आणि सोडून द्यायचं, डाग हळूहळू, काही आठवड्यांत सुटतात. त्यानंतर दोन दिवस पाऊस नको. मी हल्ली उत्तरेच्या भिंतीला आधी ब्लीचने धुतो, पूर्ण वाळू देतो आणि मग हे मारतो. एक मेख आहे: साबणाबरोबर हे निकामी होतं. साबणाने धुतलेल्या भिंतीवर लगेच मारलं तर पैसे पाण्यात.

प्रेशर मशीन वापरायचंच असेल तर फक्त धुऊन काढायला, पंख्यासारखी रुंद धार, दाब कमीत कमी आणि अंतर किमान दोन फूट. शेवाळ आधी औषधाने मेलेलं असेल तर बागेची नळीसुद्धा पुरते. वरच्या मजल्यासाठी परांची किंवा झुल्यावर काम करणारे रंगारी बोलवा, शिडीवरून पंप मारण्याची कसरत नको.

पाणी वळवणे

धुऊन झालं म्हणजे काम अर्ध्यावर आलं. छज्जाच्या बुजलेल्या खाचेसाठी ग्राइंडर लावायला मी निघालो होतो, तर गवंडीकाकांनी थांबवलं. छज्जाच्या पोटात सळई किती आवरणाखाली आहे ते बाहेरून कळत नाही, त्यात खोल खाच मारली तर समुद्राकडच्या हवेत गंज आणखी लवकर. त्याऐवजी कडेपासून दोन सेंटिमीटर आत पीव्हीसीची एल आकाराची पट्टी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने चिकटवली. पहिल्या पावसात छत्री घेऊन पाहिलं. थेंब पोटाला चिकटून सरकत आले, पट्टीला अडले, आणि सरळ खाली पडले. मी घरातल्यांना हाका मारून बाहेर बोलावलं. कोणी विशेष प्रभावित झालं नाही.

कठड्याच्या माथ्याला गच्चीच्या बाजूला ढाळ दिला. खिडक्यांखाली भिंतीच्या बाहेर दोन इंच येणारी कडप्प्याची पट्टी बसवली, खालून खाच मारून, टोकं किंचित वर उचलून. ओव्हरफ्लोची आणि एसीची नळी पुढे काढून खाली जमिनीपर्यंत नेली. पागोळ्यांना पन्हळ, आणि जिथे पन्हळ शक्य नव्हती तिथे जोत्यालगत दोन फूट रुंद खडीचा पट्टा, म्हणजे माती उडणं बंद. केळी उपटून चार फूट पुढे लावली. अळू काढायला घरातून विरोध झाला. तो अजून तिथेच आहे, आणि त्याच्यामागची भिंत अजून हिरवी होते.

भेगा, ठिगळ आणि वरचं औषध

धुतल्यावर भेगा दिसतात, आधी काळ्याखाली लपलेल्या. केसासारख्या, जाळीदार भेगा बहुधा वरच्या थराच्या असतात, गिलावा उन्हात भरभर सुकल्यामुळे पडलेल्या. गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारायला हवं, ते किती ठिकाणी खरोखर मारलं जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. चिरा आणि काँक्रीटचा खांब किंवा तुळई जिथे मिळतात तिथे सरळ रेघेत भेग असेल तर सांध्यावर जाळी न मारल्याचा तो परिणाम. तिथे गिलावा वीतभर रुंद काढून, कोंबडीची जाळी ठोकून पुन्हा करावा लागतो. नुसतं भरून ती पुढच्या उन्हाळ्यात परत उघडते. बाकीची भिंत नाण्याने किंवा करणीच्या मुठीने वाजवून बघा. पोकळ वाजेल तिथे खडूने गोल करा. पोकळ भागावर कितीही औषध मारलं तरी ते सुटायचंच.

रंगीत गिलाव्याचं ठिगळ जुळवणं ही वेगळीच कटकट. त्याच कंपनीची, त्याच नावाची पिशवी आणली तरी छटा वेगळी येते, कारण पाणी किती घातलं, गुरमाळा किती फिरवला, ऊन होतं की मळभ, सगळ्याने रंग बदलतो. शिवाय जुनी भिंत चार पावसाळे खाल्लेली. आम्ही ऑक्साइड तराजूवर तोलून, कोरडं असतानाच सिमेंटमध्ये कालवून, फळीवर चार नमुने केले आणि आठवडाभर वाळवून मग ठरवलं. ओल्याचा रंग बघून ठरवू नका, वाळल्यावर तो बराच उतरतो. रंग कमी वाटला म्हणून ऑक्साइड वाढवत जाऊ नये. सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर गेलं की रंग फारसा वाढत नाही, ताकद मात्र जाते. आणि ठिगळ मधेच गोल मारण्यापेक्षा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, किंवा पन्हळीच्या नळापासून खिडकीपर्यंत, अशी पूर्ण पट्टी करावी. फरक तिथे खपून जातो. नवीन घर बांधत असाल तर त्याच खेपेची एक पिशवी कोरडी भुकटी हवाबंद डब्यात ठेवावी असं पुष्कळजण सांगतील. आपल्या हवेत सिमेंट पावसाळ्याभरात गोळा होतं. सिमेंट नको, तोलून ठेवलेलं ऑक्साइड आणि लिहून ठेवलेलं प्रमाण ठेवा.

शेवटी पाणी उडवून लावणारं औषध, सिलेन-सिलॉक्सेन जातीचं. हे पापुद्रा करत नाही, भोकांच्या भिंतींना चिकटतं, त्यामुळे पाणी आत जात नाही पण आतली वाफ बाहेर पडू शकते. चकाकणारं क्लिअर कोट मात्र मी लावणार नाही. त्याच्या मागे ओल अडकली की फोड येतात, आणि सोललेला क्लिअर कोट काढणं हे काळं काढण्यापेक्षा अवघड. सिलॉक्सेन लावायचं ते पूर्ण वाळलेल्या भिंतीवर, म्हणजे आपल्याकडे डिसेंबर ते मार्च. एक हात मारून तो ओला असतानाच दुसरा. मोठ्या भेगा त्याने बुजत नाहीत, त्या आधी. क्षार फुटत असलेल्या भिंतीवर घाई करू नये, क्षार आतल्या आत साठून वरचा थर ढकलतो. गरज आहे की नाही हे बघायला भिंतीवर पेलाभर पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर औषध अजून शाबूत आहे. भिंत लगेच गडद होऊन पाणी प्यायली तर वेळ झाली.

सगळ्याला कंटाळून बाहेरचा रंग मारून टाकावा का? मारता येतो, पाप नाही. फक्त त्यानंतर ती भिंत रंगाची होते, दर काही वर्षांनी खरवडा, प्रायमर मारा, रंग काढा हे चक्र सुरू, आणि परत गिलाव्यावर येणं नाही. प्रेशर मशीनने धुपलेल्या पूर्वेच्या पट्ट्यावर मला शेवटी तेच करावं लागलं. लांबून रंग जुळतो, जवळून नाही.

आता माझं वर्षाचं काम इतकंच उरलंय: मे महिन्यात भेगा आणि पन्हळी बघणे, जुलैत एकदा छत्री घेऊन फेरी, ऑक्टोबरात जिथे लागेल तिथेच औषध. गेल्या ऑक्टोबरात पश्चिमेची भिंत धुवावी लागली नाही. उत्तरेला कंबरेपर्यंत हिरवं होतं, अळवाच्या मागे. ते ब्लीचने गेलं. नळामागचा निळा चट्टा मात्र तसाच आहे, त्यावर काय लागू पडेल ते अजून सापडलेलं नाही.